ओटा जुना, कपाटं नवी: पेटीतून येणारं स्वस्त किचन घरच्या घरी कसं बसवायचं

कापून, भोकं पाडून, चपट्या खोक्यांत भरलेली किचनची कपाटं आता बेळगाव शहरातच नाही, तर खानापूर, निपाणी, चिक्कोडीपर्यंत पार्सलच्या गाडीतनं दारात येऊन पडतात. सोबतचा कागद बघितला तर काम सोपं वाटतं. चार-सहा चित्रं, एक ॲलन-की, स्क्रूची पिशवी. पण त्या चित्रातली भिंत ओळंब्यात असते, जमीन सपाट असते आणि ओटा अजून बसायचाच असतो. आपल्या घरात यातलं काहीच तसं नसतं. खोकं जोडणं हे दोन आण्यांचं काम. बाकीचे चौदा आणे भिंत, ओल आणि आधीच भिंतीत चिणलेला कडप्प्याचा ओटा यांच्याशी जमवून घेण्यात जातात. म्हणून इथं खोक्यापेक्षा भिंतीबद्दल जास्त बोलायचं आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. गणपतीच्या आत किचन झालंच पाहिजे, हा हट्ट सोडा. आपल्याकडं ऐन श्रावण-भाद्रपदात भिंती ओल धरून असतात. स्वस्त बोर्ड त्याच हवेत उघडला की कडा फुगायला सुरुवात होते. दसऱ्यानंतर किंवा फेब्रुवारी ते मे या महिन्यांत हे काम काढावं. अथणी, रायबागकडच्या कोरड्या हवेत एवढं सांभाळायची गरज नाही, पण जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात ही पहिली अट समजा.

भिंत काय म्हणते ते बघा

मागणी नोंदवायच्या आधी भिंतीला एक भोक पाडा. जिथं कपाट येऊन झाकणार आहे अशी जागा निवडा आणि ६ मिमीचं बिट वापरा. बाहेर येणारी भुकटी बघा. राखाडी आली तर सिमेंटचा ब्लॉक किंवा काँक्रीट. एकसारखी लाल आली तर भाजकी वीट. तांबूस-पिवळी, खडबडीत आणि मध्येच पोकळी लागल्यासारखं बिट सरकलं तर जांभा. आणि जोर न लावता बिट सरळ आत गेलं, भुकटी ओलसर मातकट आली, तर तुम्ही चिऱ्यांच्या मधल्या मातीच्या सांध्यात आहात.

नव्या लेआउटमधल्या घरांत बहुतेक ब्लॉक किंवा वीट मिळते, तिथं फारशी काळजी नाही. शहापूर, वडगावच्या जुन्या गल्ल्यांत आणि खानापूर तालुक्यातल्या गावांत मात्र जांभा आणि मातीचे सांधे सर्रास सापडतात. जांभ्यावर कपाट टांगता येतं, पण चिऱ्याच्या अंगात, सांध्यात नाही. मातीचा सांधा लागला तर भोक पाच-सहा सेंटीमीटर सरकवून परत बघा. पूर्ण मातीचीच भिंत असेल तर वरची कपाटं टांगायचा विचार सोडून द्या आणि जमिनीवर उभं राहणारं उंच कपाट घ्या. भिंतीला त्याचा फक्त डोक्याकडचा आधार पुरतो.

वजनाचा अंदाज करून बघा. ६०० मिमी रुंद, ७२० उंच, ३०० खोल आणि १८ मिमी पार्टिकल बोर्डाचं एक दाराचं कपाट रिकामं असतानाच सतरा-अठरा किलोच्या आसपास भरतं. त्यात डाळी, साखर, तांदळाचे स्टीलचे डबे आणि पितळी भांडी गेली की पन्नास किलो सहज होतात. पेटीत मिळणारे स्क्रू बहुधा ३५ ते ५० मिमीचे असतात. आपल्या जुन्या भिंतींना गिलावाच वीस-पंचवीस मिमी असतो, वर टाइल आठ मिमीची, आणि कपाटाची मागची पट्टी अठरा मिमीची. म्हणजे तो स्क्रू गिलाव्यातच संपला, दगडाला पोचलाच नाही. दगडात किंवा विटेत किमान ५० मिमी शिरला पाहिजे, तेव्हा १०० मिमी लांबीचे स्क्रू आणि त्यांना साजेसे १० मिमीचे नायलॉन प्लग वेगळे विकत घ्या. या सगळ्या खरेदीत सगळ्यात कमी पैसे इथंच लागतात आणि भरवसा सगळा इथंच असतो.

ओल तपासायची रीत सोपी आहे. वीतभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. आतल्या बाजूला, भिंतीकडं थेंब जमले तर भिंतीतच पाणी आहे. पलीकडं न्हाणीघर आहे का, बाहेरचा गिलावा फुटलाय का, पन्हळ गळतेय का, ते आधी शोधा. ओल्या भिंतीवर कपाट लावणं म्हणजे ओल झाकणं, आणि झाकलेली ओल बोर्डच पितो.

वाळवीचे मातीचे पोपडे दिसले तर कपाटांआधी तिचा बंदोबस्त. यात घाई किंवा काटकसर करून चालत नाही.

ओट्याचं माप: इथंच निम्मे लोक फसतात

बाजारातलं खालचं कपाट बहुधा ७२० मिमी उंच असतं, त्याखाली १०० मिमीचे पाय. म्हणजे ८२० मिमी. आपल्याकडचे जुने ओटे जमिनीपासून तीस ते बत्तीस इंचांवर आहेत. बत्तीस इंच म्हणजे ८१३ मिमी. त्यातनं दगडाची जाडी आणि पुढच्या कडेची लोंबती पट्टी वजा केली तर खाली जेमतेम ७७०-७८० उरतात. कपाट जाणारच नाही. पाय आवळून थोडं खाली येतं, पण किती ते मागवायच्या आधी पायांच्या मापात बघा.

रुंदीचंही तसंच. कडप्प्याच्या उभ्या पायांमध्ये पडलेले गाळे एकसारखे कधीच नसतात. प्रत्येक गाळा पुढं, मध्ये आणि मागं, आणि तेही वर व खाली, असा मोजा. सर्वांत लहान आकडा धरा आणि त्यातनं १० मिमी सोडा. ५९५च्या गाळ्यात ६००चं कपाट ठोकून बसवता येत नाही. बोर्ड फाटतो किंवा कडप्पा तडकतो.

मापं मिलिमीटरमध्येच लिहा. आपले मिस्त्री इंच आणि सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिमीच्या जरा आत. दोन्ही पद्धती एका कागदावर मिसळल्या की गाळ्यागाळ्याला एखादं सूत इकडंतिकडं होतं आणि शेवटच्या कपाटाला जागा उरत नाही.

माझं स्पष्ट मत सांगतो: दगडी ओटा जुना आणि शाबूत असेल तर त्याखाली पेटीतली पूर्ण कपाटं घेऊच नका. कडप्प्याचे पाय म्हणजेच कपाटाच्या बाजू आहेत. तिथं पुढची चौकट आणि शटर, किंवा स्टीलच्या ट्रॉल्या, एवढंच पुरे. पैसेही वाचतात आणि आतली जागाही. पेटीतली कपाटं भिंतीवरच्या रांगेसाठी आणि उंच कपाटासाठी घ्या. ओटाच नवा घालणार असाल, तर गवंड्याला आधी कपाटांची मापं द्या आणि दगडाला त्याचे स्वतःचे पाय ठेवा. स्वस्त पार्टिकल बोर्डावर ग्रॅनाइटचा भार टाकायचा नाही.

मागवताना काय वाचायचं

फोटोतला रंग नव्हे, खालचं तपशिलाचं पान वाचा. बोर्ड कोणता आहे ते बघा. पार्टिकल बोर्ड सर्वांत स्वस्त आणि पाण्याला सर्वांत हळवा. एचडीएचएमआर जड, पण दमटपणा जास्त सोसतो. प्लायवर आयएस ७१० असा भारतीय मानकाचा शिक्का असेल तर ते पाण्यात टिकणारं प्लाय. आयएस ३०३मध्ये ओल सोसणारा एमआर प्रकार येतो, पण तो सतत भिजत राहिला तर टिकत नाही. सगळं किचन महागड्या प्लायचं करायची गरज नाही. सिंकखालचं एक कपाट तेवढं पीव्हीसीचं किंवा आयएस ७१० प्लायचं घ्या, बाकीचं बजेटमध्ये ठेवा.

दुसरं, कडपट्टी चारी कडांना आहे का ते विचारा. स्वस्त माल फक्त समोरच्या दिसणाऱ्या कडेला पट्टी लावतो, आणि पाणी शिरतं ते मागच्या आणि खालच्या उघड्या कडेतनं. तिसरं, पाठफळी. तीन मिमीची असली तरी चालेल, पण वर आडवी टांगायची पट्टी वेगळी, पूर्ण जाडीची हवी. तिच्याशिवाय वरचं कपाट घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. बिजागऱ्या ३५ मिमी वाटीच्या आणि तीन दिशांनी हलवता येणाऱ्या असाव्यात. सॉफ्ट क्लोज असलं तर बरं, नसलं तरी अडत नाही.

हत्यारं आणि पेटी उघडणं

वेग कमी-जास्त होणारं ड्रिल, दगडाची ६, ८ आणि १० मिमी बिटं, टाइलचं बिट, मोठी पाणसळ, गुण्या, ओळंबा, साधे स्क्रूड्रायव्हर, रबरी हातोडी, दोन क्लॅम्प, सिलिकॉनची नळी आणि तिची बंदूक. लांब भिंतीसाठी पाणसळीपेक्षा गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी जास्त खरी असते. दहा-बारा फुटांवर पाणसळीचा बारीक दोष मोठा होतो, नळीत मात्र पाणी दोन्हीकडं एकाच उंचीला राहतं. आतले बुडबुडे तेवढे काढून टाका.

पेटी आली की त्याच दिवशी उघडा, सुटे भाग कागदावरच्या यादीशी मोजा, फुटलेल्या कोपऱ्यांचे फोटो काढा. मग फळ्या त्याच घरात आडव्या, खाली लाकडी पट्ट्या घालून दोन दिवस ठेवा. भिंतीला तिरक्या टेकवल्या तर वाकतात. एका कपाटाच्या भागांत दुसऱ्याचे मिसळू देऊ नका. डाव्या-उजव्या फळ्या दिसायला सारख्या असतात आणि फरक फक्त भोकांत असतो, म्हणून टेपवर खूण करून ठेवा.

खोकं जोडणं

जमिनीवर चादर अंथरा. आधी गोंद न लावता सगळं कोरडं जुळवून बघा. मिनीफिक्स म्हणजे बोल्ट आणि तो पकडणारी फिरती चकती अशी जोडी. तिचा बोल्ट त्याच्या कॉलरपर्यंत पूर्ण आत गेला पाहिजे. अर्धवट राहिला तर चकतीत अडकत नाही आणि मग लोक ती जोरानं फिरवून भोकच मोठं करतात. चकतीवरचा बाण बोल्ट येणाऱ्या बाजूला ठेवा, फळी आत सरकवा आणि हातानं साधारण अर्धा फेरा फिरवा. इथं मशीन लावायचं नाही. पार्टिकल बोर्डात एकदा स्क्रू घसरला की त्याच भोकात पुन्हा पकड येत नाही. तसं झालंच तर गोंदात बुडवलेली लाकडी काडी भोकात ठोका, वाळू द्या, बरोबरीनं कापा आणि नव्यानं बारीक भोक पाडा.

लाकडी खुंट्यांना फेव्हिकॉल लावायचा की नाही, हे घर कोणाचं त्यावर ठरवा. स्वतःचं असेल तर लावा, सांधा कायमचा घट्ट होतो. भाड्याचं असेल तर लावू नका, कपाटं उद्या सोडवून न्यायची आहेत.

पाठफळी ठोकायच्या आधी खोक्याचे दोन्ही कर्ण मोजा. आकडे सारखे आले, फार तर दोन मिमीचा फरक, तर खोकं गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. फरक जास्त असेल तर लांब कर्णाच्या बाजूनं हलकं दाबा आणि तसंच धरून पाठफळी लावा. पुढं शटरं वाकडी दिसली की लोक बिजागऱ्यांना दोष देतात, खरा दोष बहुधा इथला असतो.

आता ज्याचा उल्लेख सोबतच्या कागदावर क्वचितच असतो ते काम. जिथं जिथं बोर्ड उघडा दिसतोय, म्हणजे खालच्या कडा, मागच्या कडा, पाइपसाठी कापलेलं भोक, तिथं घरात उरलेल्या ऑइल पेंटचे दोन हात द्या. सिंकजवळच्या भोकाला पेंट वाळल्यावर वरनं सिलिकॉनही फिरवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण खानापूरच्या पावसात स्वस्त बोर्ड टिकला तर तो यामुळंच.

वरची रांग आधी

खाली काही नसताना वरचं काम करणं सोपं जातं. ओट्यापासून वरच्या कपाटाच्या तळापर्यंत ५५० ते ६०० मिमी अंतर ठेवा, पण घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती उंचीनं कमी असेल तर आकड्यापेक्षा तिचा हात कुठवर पोचतो ते बघून रेषा मारा. गॅसच्या वर कपाट नको. चिमणी लावणार असाल तर शेगडीपासून ती ६५० ते ७५० मिमीवर येते, तेवढी जागा आत्ताच सोडा.

पाण्याच्या नळीनं भिंतीवर आडवी रेषा काढा. त्या रेषेला वरची कड लागेल अशी एक सरळ लाकडी पट्टी तात्पुरती ठोका. कपाटाचा तळ तिच्यावर टेकला की स्क्रू लावताना वजन पट्टीवर राहतं आणि मदतीला आलेल्या भावाचे हात भरून येत नाहीत. कडप्प्याच्या ओट्यावर उभं राहून काम करू नका, निदान सिंकच्या कापाजवळ आणि पुढच्या लोंबत्या कडेवर तरी नाहीच. तिथं दगड कमजोर असतो.

भोकं पाडायच्या आधी स्वयंपाकघराच्या लायनीचा स्विच बोर्डावरनं बंद करा. भिंतीतल्या वायरी बहुधा स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली जातात, म्हणून त्या पट्ट्यात भोक पाडायचंच नाही. ड्रिलला करंट दुसऱ्या खोलीच्या वेगळ्या लायनीवरनं घ्या. टाइल असेल तर खुणेवर चिकटपट्टी लावा आणि टाइल पार होईपर्यंत टाइलच्याच बिटानं, हॅमर बंद ठेवून जा. पुढं वीट किंवा काँक्रीट असेल तर हॅमर चालू करा. जांभ्यात आणि पोकळ ब्लॉकमध्ये मात्र हॅमर बंदच ठेवा, नाहीतर १० मिमीचं भोक १४चं होतं आणि प्लग फिरत राहतो. भोकातली भुकटी फुंकून नाही, ब्रशनं किंवा हवेच्या पिचकारीनं काढा. डोळ्यांत गेली तर त्रास होतो. जांभ्यात प्लग तरीही सैल वाटला तर जाळीच्या नळीसोबत मिळणारा केमिकल अँकर (भोकात घट्ट होणारा रासायनिक गोंद) भरा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत हात लावू नका.

स्क्रू नेहमी टांगायच्या पट्टीतनं गेले पाहिजेत, नुसत्या पाठफळीतनं नाही. एका कपाटाला किमान दोन, ६०० मिमीच्या पुढं तीन. भिंत ओळंब्यात नसेल तर मागं पातळ पाचर सरकवा. स्क्रू आवळून कपाट भिंतीला चिकटवलं तर तेच पिळतं. शेजारची दोन कपाटं समोरनं क्लॅम्पनं धरून, कडा जुळवून, मग एकमेकांना स्क्रूनं जोडा. शटरं शेवटी. आत्ता लावली तर वजनही वाढतं आणि ओरखडेही पडतात.

ओट्याखाली

चौकट आणि शटरचा मार्ग घेतला असेल तर चौकट कडप्प्याच्या पायांच्या आतल्या सपाट बाजूला एल-पट्टीनं बांधा. दगडाच्या कडेत भोक पाडू नका, चिरफळी उडते. भोक ६ मिमीचं, हॅमरशिवाय, पाण्याचा थेंब टाकत.

पूर्ण कपाटं बसवणार असाल तर आधी जमीन बघा. आपल्या जुन्या स्वयंपाकघरांत जमिनीला मोरीकडं ढाळ असतो. सर्वांत उंच जागा शोधा, तिथला पाय सर्वांत आखूड ठेवा आणि बाकीचे त्याच्या बरोबरीनं वर काढा. घरात फरशी पाणी ओतून धुवायची सवय असेल तर बोर्डाची कड जमिनीला कुठंही टेकता कामा नये, फक्त प्लास्टिकचे पाय टेकले पाहिजेत. प्रत्येक कपाट मागं भिंतीला एका एल-पट्टीनं धरून ठेवा. भरलेला खण पुढं ओढला की भिंतीला न बांधलेलं कपाट पुढं झुकतं.

सिलिंडरच्या गाळ्यात कपाट बसवायचंच नाही. घरगुती १४.२ किलोची टाकी भरलेली असली की तीस किलोच्या आसपास जाते. ती बोर्डाच्या तळावर ठेवणं चूक आहे. ती उभी, जमिनीवरच राहू द्या. समोर शटर लावायचं तर त्याला खाली आणि वर जाळी हवी. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साठतो, म्हणून खालची जाळी जास्त महत्त्वाची. शेगडी टाकीपेक्षा वरच्या पातळीला असावी, नळी कुठं दुमडलेली नसावी आणि दारात चेंगरू नये. नळीची जागा बदलायची असेल तर एजन्सीच्या माणसाला बोलवा, हे काम स्वतः करायचं नाही.

शटरं, खण आणि उरलेलं

बिजागरीला तीन हालचाली असतात. पुढचा स्क्रू शटर डावी-उजवीकडं नेतो, मागचा आत-बाहेर, आणि बैठकीच्या पट्टीचे स्क्रू वर-खाली. आधी उंची जुळवा, मग मधली फट सारखी करा, आत-बाहेर शेवटी. दोन शटरांत दोन-तीन मिमी फट ठेवा. एकदम चिकटून बसवली तर जूनमध्ये एकमेकांना घासतील.

खणाच्या टेलिस्कोपिक चॅनलला (खण ज्यावर सरकतो त्या पट्टीला) प्रत्येक बाजूला साधारण १२.७ मिमी जागा लागते. खण घट्ट चालत असेल तर आधी ही जागा मोजा, तेल घालू नका. डावी-उजवी चॅनल एका पातळीवर नसेल तर खण मध्येच अडतो.

ओटा आणि भिंत यांच्या सांध्यात, सिंकच्या भोवती सिलिकॉनची एक अखंड रेघ ओढा, ओल्या बोटानं सपाट करा आणि रात्रभर पाणी लागू देऊ नका. मग सिंकचा नळ पूर्ण सोडून, खालच्या कपाटात कोरडा कागद अंथरून, पाइपच्या प्रत्येक सांध्याखाली बघा. कागदावर एकही डाग नको.

खालची स्कर्टिंगची पट्टी क्लिपवरच ठेवा, चिकटवू नका. महिन्यातनं एकदा ती काढून आत बॅटरी मारायची, ओल किंवा वाळवीची माती दिसते का ते बघायला. डबे एकदम न भरता पहिल्या आठवड्यात निम्मेच ठेवा, भिंतीतले स्क्रू परत एकदा आवळा आणि मग बाकीचं सामान चढवा.